खर्डा फ्रेंचांनी जिंकला नाही

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठावर गप्पांत इतिहास निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते: ‘शिंद्यांच्या लढाया मारल्या त्या फ्रेंचांनी. आपले सरदार काय, नुसते घोड्यावर बसलेले.’ आणि हे ऐकायचे कुठे, तर शिंद्यांच्या सेनानीच्या, जिवबादादा बक्षींच्या, मुलखात! जिवबादादा केरकर पेडण्यातल्या केरीचे. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगिजांना दिला गेला, तोवर तो वाडीकर सावंत-भोसल्यांचा. वाडीचे आणि शिंद्यांचे तर नातेच होते. तिसरे खेम सावंत हे जयाप्पा शिंद्यांचे जावई.

आता ते ‘फ्रेंच’ कोण, ते नीट पाहू. कंपूंचा, म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणींचा, कर्ता डी बॉयन हा जन्माने फ्रेंच नव्हताच. तो सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा, म्हणजे त्या वेळी सार्डिनियाच्या राजाचा प्रजाजन. तरुणपणी त्याने फ्रान्सची नोकरी केली तशी रशियाचीही केली आणि तुर्कांच्या कैदेतही पडला. त्याच्या पलटणींतले शिपाई दुआब, अवध, रोहिलखंडातले. आग्र्याला त्याच्यासाठी तोफा ओतणारा सँगस्टर स्कॉटलंडचा. आता या फौजेला फ्रेंच म्हणायचे ते कशावरून?

बरे, निजामाशी झालेल्या खर्ड्याच्या लढाईला, ११ मार्च १७९५ रोजी, डी बॉयन हजर नव्हताच; तो उत्तरेत होता. शिंद्यांच्या फौजेचे मुख्य जिवबादादा होते आणि कंपू पेराँकडे होता. पेराँ मात्र खरोखर फ्रेंच. पण समोर निजाम अलीच्या बाजूला रेमंड आपल्या कवायती पलटणी घेऊन उभा होता, तोही फ्रेंचच. फ्रेंच सरदार असला की लढाई जिंकली जाते, असा हिशेब असेल तर निजाम का हरला?

मोगलाईचा, म्हणजे निजामाचा, पहिला घाला जबर होता. मराठ्यांची आघाडी मागे रेटली गेली, परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले. शिंद्यांच्या तोफांनी आणि नागपूरकर भोसल्यांच्या अग्निबाणांनी ती चाल थोपवली. पेराँने तोफा मोक्याच्या उंचवट्यावर लावल्या होत्या, हे इतिहासकार ग्रँट डफ लिहितो आणि ते श्रेय पेराँला द्यायलाच हवे. पण त्यानंतर निजाम खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात शिरला, तेव्हा त्याची दाणावैरण आणि पाणी तोडले ते भोवती पसरलेल्या मराठी फौजेने. कवायती पायदळ एका जागी भिंतीसारखे उभे राहते. मैलोगणती मुलूख दाबून धरायला घोडदळच लागते. पाटण, मेडता या १७९० च्या लढायांतही जिवबादादांसारखे सरदार आणि कंपू एकाच मोहिमेवर होते. मेडत्याला कंपूतल्या एका अधिकाऱ्याने हुकमावाचून पलटणी पुढे नेल्या, राठोडांनी त्या मोडल्या. डी बॉयनने उरलेल्यांचा चौकोन रचून लढाई सावरली. ते त्याचे कर्तृत्व, वादच नाही. माझे भांडण आहे ते बाकीच्यांची नावे पुसण्याशी.

बाहेरचे एक उदाहरण घ्या. त्याच १७९० च्या डिसेंबरात रशियाच्या सुव्होरोव्हने इस्माईलचा तुर्की किल्ला हल्ला करून घेतला. त्याच्या हाताखाली दे रिबास होता, जन्माने नेपल्सचा. फ्रान्समधले उमरावही होते. म्हणून इस्माईल नेपल्सने जिंकले असे कोणी रशियात म्हणत नाही. सुव्होरोव्हची शिकवण ‘विजयाचे शास्त्र’ म्हणून कागदावर राहिली, सैन्यात वाचली गेली. आपल्याकडे उलटे झाले. डी बॉयन संपत्ती घेऊन शांबेरीला परतला. तिथे त्याच्या स्मारकाला चार ओतीव लोखंडी हत्तींचे कारंजे आहे. त्याची पत्रे, त्याच्यावरची इंग्रजी-फ्रेंच पुस्तके जगभर गेली. जिवबादादांचे कागद मोडी लिपीत. नरहर व्यंकाजी राजाध्यक्षांनी त्यांचे चरित्र लिहिले, पण ते आज किती घरांत सापडेल? जे छापले गेले तेच खरे ठरले.

काही किरकोळ समज. ‘बक्षी’ हे जिवबादादांचे आडनाव नव्हे, हुद्दा आहे. आणि तो नुसता खजिनदाराचाही नव्हे. फौजेची हजेरी घेणे, स्वाराचा चेहरा-वर्ण-खुणा टिपून ठेवणे, एकच घोडे दोनदा दाखवून कोणी पगार उपटू नये म्हणून प्रत्येक घोड्याला तापल्या लोखंडाचा डाग देणे, आणि मग रोजमुरा वाटणे, हे सगळे बक्षीच्या दफ्तरात. शिंद्यांकडे तोच पुढे फौजही चालवी. पगार थकला की फौज धरणे धरून बसते, हे ज्याला रोज सोसावे लागते त्याला लढाईची तयारी वेगळी शिकवावी लागत नाही.

पानिपतानंतर मराठे उत्तरेतून उठले, हाही एक लाडका समज. १७७१ मध्ये त्यांनी पुन्हा दिल्ली घेतली आणि पुढच्याच वर्षी शाह आलमला तिथे नेऊन बसवले.

राहिला ‘शेणव्यांनी दौत-लेखणीच धरली’ हा समज. जिवबादादा शेणवी, म्हणजे सारस्वत. लखबादादा लाडही सारस्वत, आणि आपल्याच मुलखातले. मोगल सरदार इस्माईल बेगचा वेढा पडला असताना आग्र्याचा किल्ला त्यांनी महिनोन्‌महिने धरून ठेवला, जून १७८८ मध्ये शिंद्यांच्या राणेखानाची फौज येऊन वेढा उठेपर्यंत.