सत्तर पानांचा पुडा आणि फोनमधला मदतनीस

मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत पहाटे अंधारातच घरं रिकामी होतात. सगळे तेंदूपत्त्याला. दुपारी अंगणात पानं लावायची, पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. हे काम दिसतं. त्याआधी दोन-तीन महिने ग्रामसभेचा सचिव जे काम करतो ते कोणाला दिसत नाही. सभेची सूचना, लिलावाची जाहिरात, कंत्राटदाराशी करारनामा, मजुरीचा तक्ता, बँकेला पत्र, वनविभागाच्या पत्राला उत्तर. दिवसा शेतात आणि जंगलात राबायचं, रात्री हे लिहायला बसायचं.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यामागोमाग तशी बरीच साधनं आली. त्यांची चर्चा होते ती पुण्या-मुंबईच्या कंपन्यांपुरती. मला मात्र वाटतं, लिहून देणाऱ्या मदतनीसाची सगळ्यात जास्त गरज या सचिवाला आहे. त्याच्याकडे कारकून नाही, वकील नाही, टाइप करून देणारं दुकानही तालुक्याला.

पण या मदतनीसाला बसवायचं कुठे? याचं उत्तर आपल्याच भागात तयार आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ला बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते ग्रामसभेकडे आलं. या सगळ्याच्या मागे गावाचा अभ्यास गट होता. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ही पद्धत सगळीकडे माहीत झाली. अभ्यास गटात बाहेरचा जाणकार येऊन बसतो, माहिती देतो, प्रश्नांना उत्तरं देतो. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वसहमतीने, आणि तो गावाचाच. एआयची जागा त्या जाणकाराच्या सतरंजीवर आहे. ग्रामसभेत त्याला मत नाही.

सुरुवात अशा कामाने करावी, जे आपण दहा वेळा हाताने केलेलं आहे. म्हणजे चुकलं तर लगेच कळतं. सभेची सूचना त्यासाठी उत्तम. नुसतं ‘ग्रामसभेची सूचना लिहून दे’ म्हटलं तर कुठल्याही गावाला चालेल असा कोरडा मसुदा येतो. एका सचिवासोबत बसून आम्ही असं लिहिलं: ‘मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाच्या ग्रामसभेचा सचिव आहे. वनहक्क कायद्याखालच्या सभेची सूचना हवी. विषय तीन: मागच्या इतिवृत्ताचं वाचन, तेंदूपत्ता लिलावाची तारीख, जाळरेषा काढायच्या पाळ्या. ती गावात मोठ्याने वाचून दाखवायची आहे, म्हणून वाक्यं लहान ठेव, सरकारी शब्द नको. अर्ध्या पानात बसव.’ आपण कोण, ऐकणार कोण, काय हवं, काय नको, एवढं सांगितल्यावर मसुदा पुष्कळ कामाचा आला. न आवडलेलं वाक्य दाखवून ‘हे साधं कर’ म्हटलं की तो बदलूनही देतो. नवख्या माणसाला हे ठाऊक नसतं. तो पहिल्याच उत्तरावर थांबतो.

त्या मसुद्यात गणपूर्तीचा आकडा मात्र चुकला होता. ग्रामपंचायत कायद्यातल्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी ते, चालतात. वनहक्क नियमांत २०१२च्या दुरुस्तीनंतर निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. नाव एकच, ग्रामसभा, कायदे दोन. यंत्राने एकाचा आकडा दुसऱ्याला लावला.

दुसरी चूक अजून लक्षात आहे. तेंदूच्या करारनाम्याचा मसुदा त्याने फार नेटका दिला. भाषा खणखणीत, कलमं ओळीने. चौथ्या कलमात लिहिलं होतं की एक प्रमाण गोणी म्हणजे १,००० पुडे आणि एक पुडा म्हणजे ५० पानं. सचिव मोठ्याने वाचत होता, मी मान हलवत होतो. बाजूला बसलेल्या एक काकू मधेच म्हणाल्या, ‘पुडा तं सत्तरचा रायते ना जी?’

खरंच. महाराष्ट्रात पुडा सत्तर पानांचा. पन्नासचा पुडा छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात. गोणीमागे वीस हजार पानांचा फरक करारात शिरला असता, उद्या फळीवर वाद झाला असता, आणि वाद झाला की हप्ता अडकतो. जन्मभर पुडे बांधलेल्या बोटांनी ती चूक पकडली. मी तीन वेळा वाचूनही मला दिसली नव्हती.

असं का होतं? हा मदतनीस माहितीच्या कपाटातून कागद काढून देत नाही. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचा त्याला सराव झालेला असतो, त्या सरावावर तो वाक्य जुळवतो. तेंदूबद्दल त्याने वाचलेलं बहुधा शेजारच्या राज्यांतलं जास्त असावं. आकडा बरोबर असो की चूक, तो सांगतो सारख्याच ठामपणे. म्हणून त्याच्या आठवणीवर काही सोडू नये. नियमांचा, गेल्या वर्षीच्या करारनाम्याचा फोटो त्याला द्यावा आणि सांगावं, ‘यातूनच उत्तर दे, यात नसेल तर नाही म्हण.’ तरीही तपासायचंच, पण चुका बऱ्याच कमी होतात.

हीच रीत उलटी वापरली तर आणखी उपयोगी पडते. कंत्राटदाराकडून आलेला करार त्याला वाचायला द्या आणि विचारा: हप्त्यांच्या तारखा कोणत्या कलमात आहेत? उशीर झाला तर व्याज किती? पानं पावसात भिजली तर नुकसान कोणाचं? करारात जे लिहिलेलंच नाही ते शोधायला माणसाची नजर कमी पडते. इथे मदतनीस रात्रीचे दोन तास वाचवतो.

मजुरीचा तक्ता मात्र आहे तसा देऊ नये. त्यात नावं, खाते क्रमांक, कधी आधारही असतं. नावांऐवजी १, २, ३ घालून फक्त पुडे आणि दर द्यावेत, आणि दोन-चार घरांची बेरीज हाताने करून ताडावी.

रेंजचा प्रश्न राहतोच. भामरागड-एटापल्लीकडचे सचिव प्रश्न वहीत लिहून ठेवतात आणि आठवडी बाजाराला आले की फोनला विचारतात. बोलून टाइप करायची सोय बरी आहे, पण झाडीबोलीचे शब्द ती भलतेच ऐकते. आदिवासी भाषांसाठी केंद्र सरकारने २०२५मध्ये ‘आदिवाणी’ आणलं, त्यात गोंडी आहे. माडिया बोलणाऱ्याला त्याचा किती उपयोग, हे गावात बसूनच ठरेल.

एक काम त्याला देऊच नये असं माझं मत आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२मध्ये वनहक्क मिळाला. जंगल कसं राखायचं, बांबू कधी तोडायचा, याचे नियम त्या गावाने स्वतः बसून, बोलून केले. तशी नियमावली फोन दोन मिनिटांत देईल, पण तो नियम पाळायला उद्या कोणी बांधील असणार नाही.

आमची ती सूचना अखेर दुरुस्त होऊन, गणपूर्तीचा आकडा पेनने खोडून, छापली गेली. सभेच्या दिवशी सचिवाने कागद हातात घेतला, पहिली ओळ मराठीत वाचली, समोरच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि पुढचं सगळं माडियात सांगू लागला.