उतारावरच्या परसाची मांडणी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगराच्या कुशीत बांधलेल्या घरामागचे परस बहुधा उतरते असते. तेथे बसण्याचे खळे, भाजीचे वाफे आणि पोफळी-केळींचे आगर असे वेगळे, तरी एकमेकांशी जोडलेले भाग करायचे, तर आधी उताराचे टप्पे पाडावे लागतात. या कामाची खरी आखणी पाण्याच्या हिशेबाने होते, कारण येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो.

समजा, परसाची लांबी २० मीटर आणि एकूण उतार ४ मीटर आहे. प्रत्येकी २ मीटर उंचीच्या दोन भिंती घालून ऐसपैस जागा मिळवण्याचा मोह होतो; परंतु भिंतीची उंची दुप्पट झाली की तिच्यावरचा मातीचा रेटा चौपट होतो, म्हणून मीटरभर उंचीचे चार गडगे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. गडगा म्हणजे चुना वा सिमेंट न वापरता रचलेली दगडी भिंत. तिचा पाया कठीण जमिनीपर्यंत नेऊन तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात, दर्शनी बाजू किंचित मागे, म्हणजे चढाकडे, कलती ठेवतात, उभे सांधे एकावर एक येऊ देत नाहीत आणि पाठीमागे मातीऐवजी लहान दगडांची भर घालतात, जेणेकरून मुरलेले पाणी फटींतून झिरपून जाते. पाणी निघायला छिद्रे न ठेवलेल्या सिमेंटच्या भिंतीला मात्र मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने पोट येते. जुन्या गवंड्यांची ही गडग्याची रचना आजही मोलाची आहे.

प्रत्येक टप्प्याला वरच्या गडग्याकडे हलका ढाळ देऊन त्याच्या पायथ्याशी चर खणला, की पाणी कडेने वळून खालच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळते. मग जागांची वाटणी सोपी होते: खळे घरालगत, त्याखाली वाफे, न्हाणीचे पाणी पोहोचेल तेथे अळू आणि केळी, सर्वांत खाली पोफळी. त्यांना जोडणारी पाखाडी, म्हणजे चिऱ्यांची पायरीवाट, चरापासून दूर असावी. अन्यथा पावसात तीच ओहोळ बनते.

हे काम पावसापूर्वी पुरे करावे, मात्र नव्या भरावावर पहिल्या वर्षी फरसबंदी करू नये. एक पावसाळा गेल्यावर माती दबते.