धूळपाटीवरच्या नव्या खुणा

पूर्वी पंतोजींच्या शाळेत मूल दाखल झाले म्हणजे त्याच्यापुढे प्रथम पुस्तक येत नसे. येई ती धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने तिच्यावर अक्षर काढायचे, चुकले तर धूळ पुन्हा सारखी करायची आणि पुन्हा गिरवायचे. तेथे चुकण्याला खर्च नव्हता. आमच्या पिढीच्या वाट्याला दगडी पाटी आली, आमच्या मुलांच्या वाट्याला वह्या आल्या आणि धूळपाटी हा शब्द कोशात जाऊन बसला. तो मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा भेटला, आणि तोही संगणकाच्या पडद्यावर. मराठी विकिपीडिया हा जो मुक्त ज्ञानकोश आहे, त्यात नवशिक्याने हात बसवावा म्हणून राखून ठेवलेल्या पानाला ‘धूळपाटी’ असेच नाव आहे. ज्या कोणाला हे नाव सुचले, त्याला मनोमन नमस्कार करून मी गिरवायला बसलो.

निमित्त घडले ते असे. २०२५ साली पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली. आम्हा इंदूरकरांना हे घरचेच कार्य. त्या उन्हाळ्यात माझी भाची सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती. ती अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. मराठी अस्खलित बोलते. पण सारे शिक्षण हिंदी-इंग्रजीत झाल्यामुळे मराठीत चार ओळी लिहिण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आलेला नव्हता. आपल्यापैकी बहुतेक घरांत हीच स्थिती आहे, हे मी वेगळे सांगायला नको. ती म्हणाली, “मामा, महेश्वराविषयी मराठी विकिपीडियावर काही भर घालू या. मजकूर तुम्ही सांगा, खुणा मी शिकवते.” शिक्षकाला विद्यार्थी होण्याची संधी वरचेवर मिळत नाही. मी होकार दिला.

या खुणा म्हणजे काय, हे जुन्या छापखान्याची माहिती असलेल्या वाचकाला चटकन उमगेल. हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्यापूर्वी संपादक त्यावर खुणा करीत असे : हा मथळा मोठ्या टायपात, हा शब्द ठळक, येथे नवा परिच्छेद. जुळारी त्या खुणा वाची आणि तसे खिळे जुळवी. छापील पानावर मात्र त्या दिसत नसत. विकीच्या पानावरही हेच घडते. लेखक साध्या मजकुरातच खुणा पेरतो, संगणक त्या जुळाऱ्यासारख्या वाचतो आणि वाचकापुढे सजलेले पान ठेवतो. या पद्धतीला ‘मार्कअप’ म्हणतात.

विकीची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाची. त्याने २५ मार्च १९९५ रोजी पहिले विकी सुरू केले. ‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘झटपट’. होनोलुलूच्या विमानतळावरील एका बसगाडीच्या नावावरून त्याने तो उचलला. कोणीही पान उघडावे, तेथल्या तेथे दुरुस्त करावे आणि त्यासाठी अवघड संगणकभाषा शिकावी लागू नये, हा त्याचा हेतू. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा जो दुवा, तो तयार करण्याची त्याची रीत मोठी गमतीची होती. इंग्रजीतील दोन शब्द जोडून लिहायचे व प्रत्येकाचे आद्याक्षर मोठे ठेवायचे, की झाला दुवा. आता देवनागरीत मोठी-लहान अक्षरे आहेतच कोठे? ती रीत कायम राहती, तर आपल्या लिपीला विकीच्या उंबरठ्यावरच थांबावे लागते. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला तो त्याच रीतीने. परंतु त्याच वर्षी दुहेरी चौकटी कंसांची खूण आली. कोणताही शब्द [[ ]] अशा कंसांत घातला की दुवा तयार. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला, तेव्हा वाट मोकळी झालेली होती.

खुणा थोड्या आहेत. एका पोस्टकार्डावर मावतील. मथळ्याच्या दोन्ही अंगांना बरोबरची दोन-दोन चिन्हे, म्हणजे == इतिहास ==; उपमथळ्याला तीन-तीन. शब्द ठळक करायचा तर त्याच्या मागे-पुढे तीन-तीन सरळ एकेरी अवतरणचिन्हे, तिरपा करायचा तर दोन-दोन. ओळीच्या आरंभी * दिले की ठिपक्यांची यादी होते, # दिले की अनुक्रमांक आपोआप पडतात. तिरप्या अक्षराविषयी माझे मत असे की मराठीत ते टाळावे. तिरपी अक्षरे ही रोमन मुद्रणाची परंपरा. देवनागरी तिरपी केली की शिरोरेषेचा तोल जातो. ग्रंथनाम एकेरी अवतरणात घालण्याची आपली जुनी पद्धत काय वाईट आहे?

एवढे सोपे असूनही माझी पहिली बैठक फसली. मी कार्यालयीन कामासाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा मराठी कळफलक शिकलेलो. ‘महेश्वर’ ठळक करावे म्हणून अवतरणाची कळ तीन वेळा दाबली, तो पडद्यावर उमटले ‘टटटमहेश्वरटटट’! त्या कळफलकात अवतरणाच्या जागी ट आहे, चौकटी कंसाच्या जागी ड आहे आणि बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकाराची खूण आहे. भाची हसून लोटपोट झाली. उपाय साधा निघाला : खुणेपुरता कळफलक रोमन करावा, किंवा संपादनाच्या चौकटीवर जी बटणे असतात ती दाबावी. पुढे आणखी एक चूक झाली. दोन एकेरी चिन्हांऐवजी मी एक दुहेरी चिन्ह दिले. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला नाही. भ्रमणध्वनीवरून लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की तेथील कळफलक पुष्कळदा बाकदार अवतरणे देतो. तीही या कामी निरुपयोगी.

तिसरी चूक तर माझ्या व्यवसायाची होती. परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत सरकवून लिहावी, असे मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो. तसेच येथे केले, तो तो मजकूर टंकयंत्राच्या अक्षरांत, वेगळ्या चौकटीत जाऊन बसला. विकीवर ओळीच्या आरंभी सोडलेली रिकामी जागा हीदेखील एक खूणच असते. परिच्छेद करायचा तर मध्ये एक ओळ संपूर्ण कोरी सोडावी लागते. नुसती ओळ मोडून भागत नाही.

आता या साऱ्या खुणांतील जी खूण मला मराठीचा शिक्षक म्हणून सर्वांत मोलाची वाटली, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे कंसातील उभी रेघ. इंग्रजीत नाम वाक्यात बहुधा आहे तसेच येते. मराठीत तसे नाही. ‘नर्मदा’ला प्रत्यय लागताना ‘नर्मदे-’ होते, ‘घाट’चे ‘घाटा-’ होते, ‘किल्ला’चे ‘किल्ल्या-’ होते. यालाच व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. ज्ञानकोशातील पानाचे नाव मूळ रूपात असते आणि वाक्यात लागते ते विभक्तीचे रूप. मग दुवा जुळायचा कसा? कंसात आधी पानाचे नाव, मग उभी रेघ, मग वाक्यातील रूप. उदाहरणार्थ :

[[अहिल्याबाई होळकर|अहिल्याबाईंनी]] [[नर्मदा नदी|नर्मदेच्या]] काठी [[महेश्वर]] येथे आपली राजधानी केली.

वाचकाला दिसते ते एवढेच : अहिल्याबाईंनी नर्मदेच्या काठी महेश्वर येथे आपली राजधानी केली. रेघेच्या डावीकडे शब्द, उजवीकडे पद! आपले वैयाकरण शब्द आणि पद यांत जो भेद सांगत आले, तो मी वर्गात फळ्यावर पुष्कळदा मांडला असेन. पण इतक्या स्वच्छपणे तो मलाच प्रथम दिसला. असा दुवा निळा दिसला तर त्या नावाचे पान अस्तित्वात आहे असे समजावे. लाल दिसला तर ते अजून कोणी लिहिलेले नाही. लाल दुवा म्हणजे एक प्रकारे आमंत्रणच.

आपल्यासारख्या सीमेपलीकडच्या मराठी माणसांना उपयोगी अशी आणखी एक खूण आहे, पुनर्निर्देशनाची. आपण इंदूर म्हणतो, शेजारी इंदौर म्हणतो. आपण बडोदे लिहितो, नकाशावर वडोदरा असते. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी ज्या जिल्ह्यात आहे, त्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. वाचक कोणते नाव घेऊन येईल, कोणी सांगावे? म्हणून दुसऱ्या नावाचे पान करून त्यावर #पुनर्निर्देशन असे लिहावे व पुढे दुहेरी कंसांत मुख्य पानाचे नाव द्यावे. मग कोणत्याही दाराने आलेला पाहुणा एकाच दिवाणखान्यात पोचतो. नावांवरून भांडत बसण्यापेक्षा ही सोय मला अधिक शहाणपणाची वाटते.

संदर्भ देण्याचीही खूण आहे. कोनी कंसांत रोमन लिपीतील ‘रेफ’ हा शब्द लिहून, त्यानंतर ग्रंथ, लेखक व पृष्ठ देऊन, तीच खूण तिरप्या रेघेसह लिहून मिटायची. (व्याकरणातल्या रेफाशी याचा संबंध नाही, पण तोही डोक्यावरच बसतो आणि हाही!) येथे माझी खरी परीक्षा झाली. महेश्वराच्या घाटाविषयी आजीकडून ऐकलेली एक आठवण मी मोठ्या हौसेने लिहिली. भाचीने विचारले, “मामा, याला संदर्भ?”

“माझी आजी.”

“पणजी चालायची नाही मामा, छापलेले पुस्तक हवे.”

मला क्षणभर राग आला. पण तिचे म्हणणे रास्त होते. ज्याची खातरजमा वाचकाला करता येत नाही, ते ज्ञानकोशात येऊ नये, हा तेथील नियम. मी तो परिच्छेद खोडला. मात्र त्या रात्री मनाला एक गोष्ट लागून राहिली. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांजवळ या शहरांच्या किती आठवणी आहेत! त्या वेळीच कोणी लिहून काढल्या नाहीत, एखाद्या मासिकात, स्मरणिकेत, पुस्तकात छापल्या नाहीत, तर उद्या त्यांना ज्ञानाच्या दारात उभे राहायलाही जागा नाही. आजीची ती आठवण मी आता स्वतंत्रपणे लिहून काढीत आहे. आजी मात्र सांगायला उरलेली नाही आणि तिने दिलेली दोन नावे मला आठवत नाहीत.

जुन्या पोथ्यांत लेखकाची चूक झाली म्हणजे त्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हरताळाखालचे अक्षर एकदा गेले की गेले. विकीत तसे होत नाही. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कोणी केव्हा काय बदलले हे तेथे राहते आणि बिघडलेले पान पूर्ववत करता येते. त्यामुळे नवशिक्याने धास्ती बाळगू नये. शंका असेल तर पानामागच्या चर्चापानावर विचारावी आणि शेवटी ~~~~ अशा चार नागमोडी रेघा द्याव्या. त्यांतून आपली सही व वेळ आपोआप उमटते. ही सही मूळ लेखात मात्र देऊ नये, आणि पुस्तकातील उतारे जसेच्या तसे उतरवू नयेत.

खुणांवाचूनही संपादन करण्याची सोय आज आहे. पान जसे दिसते तसेच त्यात लिहिता येते. तरीही या खुणा शिकाव्यात असे मी म्हणतो, कारण त्या लिहिणाऱ्याला थांबवून विचारतात : हा मथळा आहे की वाक्य? हे नाव कोणाचे? याला आधार काय?

सुट्टी संपत आली तेव्हाची गोष्ट. मी वर्तमानपत्र वाचीत होतो. भाची एकटीच धूळपाटीवर काही लिहीत होती. तिने हाक मारली, “मामा, ‘वाडा’चे ‘वाड्यात’ होते ना? म्हणजे येथे रेघ लागणार.” मी उठून पाहिले. मराठीतील चार ओळी होत्या, तिच्या स्वतःच्या. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते आणि एक अनुस्वार राहिला होता. खुणा मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो आणि आम्ही अनुस्वारापासून सुरुवात केली.