स्प्लेंडरच्या इंजिनाचे गणित



आमच्या दुरुस्ती वर्गातली आदिवासी मुले सिरिंजने इंजिनात ऑइल का भरतात, असे काही जणांनी विचारले. ती कॉम्प्रेशन रेशो काढत असतात. पिस्टन अगदी खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर किती पट आकसते, ते हे प्रमाण.

पाड्यांवर स्प्लेंडर फार दिसते, म्हणून तीच घेतो. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. बोअरच्या निम्म्याचा, म्हणजे २५ चा वर्ग करायचा, ३.१४१६ ने आणि मग स्ट्रोकने गुणायचे, हजाराने भागायचे. उत्तर ९७.२ सीसी.

आता वरची पोकळी. टेबलावर घेतलेल्या इंजिनाचा पिस्टन टॉपला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. प्लगचे भोक वर येईल असे इंजिन कलते करून सिरिंजने पातळ ऑइल सोडायचे, आट्यांच्या खालच्या टोकापर्यंत. समजा १२ सीसी मावले. मुले लगेच ९७.२ ला १२ ने भागतात आणि ८.१ सांगतात. पण पिस्टन खाली असतानाही ती पोकळी असतेच! म्हणून ९७.२ अधिक १२, म्हणजे १०९.२, भागिले १२. प्रमाण ९.१ ला १.

याचा उपयोग? गळती थांबवायला कोणी जाड हेड पॅकिंग टाकतो. ते एक मिलिमीटरने जाड असले तरी पोकळी जवळजवळ २ सीसीने वाढते आणि प्रमाण ७.९ वर येते. मग घाटात गाडी ओढत नाही आणि गिऱ्हाइकाला ब्लॉक-पिस्टनचा खर्च सांगितला जातो. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला घरात तेवढी एकच गाडी असते. असा नाहक खर्च मजुरीच्या पैशांतून जातो. उलट हेड जास्त घासले तर प्रमाण चढते आणि इंजिन ठोके देऊ लागते. रॉकेलवर चालणाऱ्या पंपाच्या इंजिनात प्रमाण मुद्दाम कमी ठेवतात, कारण रॉकेल दाबाखाली लवकर ठोके देते.

एक मर्यादा मात्र आहे. रिंगा झिजल्या तरी हे प्रमाण बदलत नाही; दाब गळतो, तो कॉम्प्रेशन गेजवरच कळतो. वर्गासाठी असा एक गेज हवा आहे.