मोटारशर्यतींचे सदृशीकरण-खेळ

मोटारगाडीची गती, धावमार्ग आणि चालकाचे नियंत्रण यांची संगणकीय प्रतिकृती निर्माण करणारा खेळप्रकार. तो संगणकावर किंवा दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या ‘कन्सोल’ या खेळयंत्रावर खेळला जातो. केवळ करमणुकीसाठी रचलेल्या शर्यतीच्या खेळांत वेगाचा भास पुरेसा असतो; सदृशीकरण-खेळात मात्र वजन, घर्षण, जडत्व इत्यादींचे भौतिक नियम पाळले जावेत, अशी अपेक्षा असते. अशा खेळाची वास्तवता दृश्य, गतिकी व अपघाताचे परिणाम या तीन बाबींवर ठरते. यांपैकी पहिल्या दोहोंच्या मानाने तिसरी बाब मागे राहिली आहे.

इतिहास : नामको या जपानी कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ (१९८२) या खेळात फुजी हा जपानमधील खरा धावमार्ग आधारभूत होता, मात्र त्यातील दृश्य सपाट आकृत्या लहानमोठ्या करून साधलेले होते. अटारी कंपनीच्या ‘हार्ड ड्रायव्हिंग’ (१९८९) या खेळात बहुभुजांनी रचलेले त्रिमितीय दृश्य आले. काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘ग्रान टुरिस्मो’ हा खेळ २३ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला व त्यामुळे हा प्रकार कन्सोलवर रुजला. त्यात खऱ्या उत्पादकांच्या सुमारे १४० मोटारी होत्या. परंतु कितीही जोराची टक्कर झाली, तरी मोटारीला पोचा पडत नसे.

दृश्य : दर सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची झाल्यास प्रत्येक चित्रासाठी सु. १६·७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. प्रकाशाचे परावर्तन, सावल्या, धूळ, पाऊस आणि इतर मोटारी या सर्वांचे गणित तेवढ्यात पुरे करावे लागते. धावमार्गांची मापे लेसर किरणांनी घेण्याच्या पद्धतीमुळे पृष्ठभागावरील लहान उंचवटेही खेळात उतरतात. दिल्लीनजीकच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय धावमार्गावर पहिली फॉर्म्युला वन शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. त्याची प्रतिकृती ‘एफ वन २०११’ या खेळात त्यापूर्वीच, सप्टेंबरमध्ये उपलब्ध झाली होती. बंगळूरच्या ध्रुव इंटरॅक्टिव्ह या संस्थेने ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या मालिकेसाठी मोटारींची त्रिमितीय प्रतिरूपे तयार केली.

गतिकी : मोटारीचा रस्त्याशी संबंध केवळ चार टायरांच्या तळव्याएवढ्या जागेतून येतो. त्यामुळे टायरांची पकड हा गणिताचा गाभा होय. टायरावरील भार, त्याचे घसरणे व त्याचा वळणकोन यांवरून मिळणारे बल काढण्यासाठी डच अभियंते हान्स पासेइका यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र वा त्यासारखी अन्य सूत्रे वापरतात. हे गणित दृश्यापेक्षा जलद करावे लागते.

हानी : ती दाखविण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत आधीच तयार ठेवलेले फुटके भाग मूळ भागांच्या जागी बसवितात. दुसरीत आघाताच्या जागेजवळील बहुभुजांचे शिरोबिंदू आत सरकवितात. या दोन्हींत मोटार गणिताच्या दृष्टीने दृढच राहते. तिसरीत मोटारीचा सांगाडा अनेक बिंदू व त्यांना जोडणाऱ्या लवचिक दांड्या यांचा बनलेला मानतात. आघात होताच दांड्या वाकतात व तुटतात आणि त्या विरूपणानुसार चाकांची दिशाही बदलते. ‘बीमएनजी ड्राइव्ह’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मात्र या पद्धतीला फार मोठी गणनक्षमता लागते.

अडचण केवळ तांत्रिक नाही. खऱ्या मोटारींची नावे व आकार वापरण्यास उत्पादकांचा परवाना लागतो आणि आपली मोटार चिरडलेली दिसावी, हे अनेक उत्पादकांना रुचत नाही. त्यामुळे सर्वांत तपशीलवार मोडतोड प्रायः काल्पनिक मोटारींच्या खेळांत आढळते. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ (२००५) मध्ये परवानाधारी मोटारींना दृश्य व यांत्रिक अशी दोन्ही प्रकारची हानी होत असे. ‘ग्रान टुरिस्मो’ मालिकेत ती पाचव्या खेळात (२०१०) व मर्यादित स्वरूपात आली. ‘रेस ड्रायव्हर : ग्रिड’ (२००८) मध्ये अपघात झाल्यावर काळ मागे नेण्याची सोय होती व पुढे इतर खेळांनीही ती स्वीकारली. परिणामी चूक करणे जवळजवळ निर्धोक झाले.

वास्तवतेच्या मर्यादा : गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनसीएपी’ मूल्यांकनात मोटार ताशी ६४ किमी. वेगाने अडथळ्यावर आदळवून आतील मानवाकृती पुतळ्यांवर येणारे भार मोजतात. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत आघातचाचण्यांची सोय आहे. खेळात सामान्यतः पत्रा चेमटतो. माणसावर येणारा भार हिशेबात घेतला जात नाही.

या खेळांतून खरे कौशल्य येते, हे मात्र सिद्ध झाले आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘जीटी अकॅडमी’ या उपक्रमाचे पहिले विजेते, स्पेनचे लुकास ऑर्दोनेझ, यांच्या संघाने २०११ च्या ल मां शर्यतीत आपल्या गटात दुसरा क्रमांक मिळविला. याच उपक्रमातून पुढे आलेल्या एका चालकाची मोटार २८ मार्च २०१५ रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. या अपघाताचा दोष खेळावर टाकता येत नाही. तथापि त्याच धावमार्गाची बारकाईने केलेली प्रतिकृती खेळात पूर्वीपासून होती आणि त्यात मार्गाचे चढउतार व वळणे शिकता येत असली, तरी कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा धोका शिकता येत नव्हता. म्हणून चालकांच्या प्रशिक्षणात या खेळांचा उपयोग करताना प्रत्यक्ष मार्गावरील सरावाची व सुरक्षाशिक्षणाची जोड आवश्यक ठरते.