उडता कंदील कुठे उतरतो?

शाळेचे स्नेहसंमेलन, लग्नाचा स्वागतसमारंभ, वाढदिवस किंवा एकतीस डिसेंबरची रात्र अशा प्रसंगी आकाशात कागदी कंदील सोडण्याची हौस गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही दिसू लागली आहे. बाजारात या कंदिलांची घडी घातलेली पाकिटे मिळतात. कंदील उलगडायचा, खालच्या कडीतल्या मेणाच्या वडीला काडी लावायची, मिनिटभर धरून ठेवायचा आणि सोडून द्यायचा. लाल-पिवळा ठिपका वर जातो, लहान होतो आणि दिसेनासा होतो. सगळे टाळ्या वाजवतात आणि जेवायला जातात. कंदिलाचा प्रवास मात्र तेव्हा संपलेला नसतो. तो पुढे कुठे जातो आणि कोणत्या स्थितीत खाली येतो, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या आधारे आपल्याला बरेचसे सांगता येते. कंदील विकत घेण्यापूर्वी हा हिशोब एकदा मांडून पाहायला हवा.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपला दिवाळीचा आकाशकंदील काठीला किंवा खिळ्याला टांगलेला असतो आणि तो जागचा हलत नाही. या लेखात आपण बोलतो आहोत ते मोकळ्या सोडलेल्या, जळत्या कंदिलाबद्दल. त्याला आपण ‘उडता कंदील’ म्हणू.

जुना खेळ, जुनी मनाई

उडता कंदील मूळचा चीनमधला. तिसऱ्या शतकातला सेनानी झुगे लिआंग ऊर्फ काँगमिंग याने तो प्रथम वापरला अशी तिकडे परंपरागत समजूत आहे, म्हणून त्याला काँगमिंग दिवा असेही म्हणतात. थायलंडमधील चियांग माई येथे यी पेंग या सणाला आणि तैवानमधील पिंगशी येथे दीपोत्सवात असे कंदील मोठ्या संख्येने सोडले जातात.

युरोपात हेच तत्त्व १७८३ साली गाजले. त्या वर्षी ४ जूनला फ्रान्समधील आनोने या गावी माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा लोकांसमोर उडवला, आणि २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन माणसे अशा फुग्यातून मोकळी उडाली. मग छोटे कागदी फुगे उडवण्याचे वेडच लागले. त्याचा परिणाम काय झाला? २३ एप्रिल १७८४ रोजी पॅरिसच्या पोलिसांनी विस्तव किंवा स्पिरिटचा दिवा लावलेले फुगे सोडण्यास बंदी घातली. म्हणजे माणूस हवेत उडाल्यावर सहा महिन्यांच्या आतच हा धोका शहराच्या कारभाऱ्यांच्या ध्यानात आला होता.

कंदील वर का जातो?

आर्किमिडीजचे तत्त्व हवेलाही लागू पडते. कंदील जितकी हवा बाजूला सारतो तितक्या हवेच्या वजनाएवढे बल त्याला वर ढकलते. कंदिलातली हवाच जर बाहेरच्या हवेइतकी जड असेल तर फायदा शून्य. आत ज्योत पेटली की हवा तापते, प्रसरण पावते आणि काही हवा खालच्या तोंडातून बाहेर जाते. आकारमान तेच, पण आतली हवा कमी वजनाची. हा जो फरक पडतो, तेवढे वजन कंदील उचलू शकतो.

आता आकडे घालू. सुमारे एक मीटर उंचीच्या कंदिलात साधारण २५० लिटर हवा मावते असे धरू. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१८ किलोग्रॅम असते. म्हणजे २५० लिटर हवेचे वजन झाले २९५ ग्रॅम. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन. त्यावरून :

आतली हवा ६० अंश : वजन २६६ ग्रॅम, उचल २९ ग्रॅम
आतली हवा ६७ अंश : वजन २६० ग्रॅम, उचल ३५ ग्रॅम
आतली हवा ८८ अंश : वजन २४५ ग्रॅम, उचल ५० ग्रॅम
आतली हवा १०० अंश : वजन २३७ ग्रॅम, उचल ५८ ग्रॅम

समजा कागद, कडी आणि मेणाची वडी मिळून कंदील ५० ग्रॅमचा आहे आणि त्यात १५ ग्रॅम मेण आहे. आतल्या हवेचे सरासरी तापमान ८८ अंशांच्या वर गेले की तो हातातून सुटू पाहतो. मिनिटभर धरून का ठेवावे लागते, त्याचे कारण हेच.

थंडीत कंदील अधिक जोमाने वर जातो. बाहेरचे तापमान १२ अंश असेल तर तेवढ्याच बाहेरच्या हवेचे वजन सुमारे ३१० ग्रॅम होते, आणि आतली हवा ८८ अंशांवर असताना उचल ५० ऐवजी ६५ ग्रॅम मिळते.

आणि खाली कसा येतो?

बहुतेकांची समजूत अशी की मेण संपते, ज्योत विझते आणि मग विझलेला कंदील अलगद खाली येतो. वरच्या आकड्यांकडे पुन्हा पाहिले तर क्रम थोडा वेगळा दिसतो. सारे मेण जळून गेले तरी ३५ ग्रॅमचा सांगाडा उरतो, आणि तो तोलून धरायला आतली हवा ६७ अंशांवर लागते. मेण संपत आले की ज्योत लहान होते आणि हवा ६७ अंशांच्या खाली जाते. त्याच क्षणी कंदील उतरू लागतो. ज्योत मात्र अजून विझलेली नसते! ‘विझणे, मग उतरणे’ असा क्रम निसर्गाने घालून दिलेला नाही. आधी उतरणे सुरू होते आणि विझणे त्याच्या मागून येते.

कंदील काही शे मीटर उंचीवर असेल तर खाली पोचेपर्यंत ज्योत सहसा विझते. पण तो उंच गेलाच नाही, एका बाजूने फाटला, किंवा झाडाला अथवा तारेला अडला, तर जळते मेण घेऊनच खाली येतो. ‘अग्निरोधक कागद’ असे पाकिटावर लिहिलेले असते. त्याचा अर्थ इतकाच की कागद सहजी पेट घेत नाही. मेणाची वडी पेटण्यासाठीच बनवलेली असते, तिला अग्निरोधक कसे म्हणणार?

चौकस विद्यार्थी इथे विचारेल, ‘वाऱ्याने ज्योत वाटेतच विझत का नाही?’ प्रश्न उत्तम आहे. मोकळा कंदील वाऱ्याबरोबर वाऱ्याच्याच वेगाने वाहत असतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीने हवा जवळजवळ स्थिरच असते. नदीत वाहणाऱ्या पानाला प्रवाह जाणवत नाही, तसेच हे. मग पतंगासारखी दोरी बांधली तर? दोरीने अडवलेल्या कंदिलावर वारा आदळतो, कंदील कलतो आणि ज्योत कागदाला भिडते. म्हणून वाऱ्यात दोरीचा उपाय फारसा भरवशाचा नाही.

किती दूर?

कंदील आठ मिनिटे जळतो आणि वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर आहे असे धरू. हा काही वादळी वारा नव्हे. आठ मिनिटांत कंदील २.४ किलोमीटर जाईल. उतरायला आणखी तीन मिनिटे लागली तर त्यात ०.९ किलोमीटरची भर पडेल. एकूण झाले सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. जमिनीपेक्षा उंचावर वारा सहसा जास्त असतो, तेव्हा अंतर वाढूही शकते. ३ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ २८ चौरस किलोमीटर होते. सोडणाऱ्याच्या हाती सोडण्याची जागा आणि वेळ तेवढी असते. उतरण्याची जागा वारा ठरवतो.

तीन आगी

हा धोका नुसता कागदावरचा नाही. इंग्लंडमधील स्मेदिक येथे ३० जून २०१३ च्या रात्री पुनर्वापरासाठी साठवलेल्या सुमारे १ लाख टन टाकाऊ प्लास्टिक व कागदाला आग लागली. दोनशेहून अधिक अग्निशामक जवानांना झुंजावे लागले. तिथल्या कॅमेऱ्यांनी एक उडता कंदील त्या ढिगावर उतरताना टिपला होता.

दक्षिण कोरियातील गोयांग येथे ७ ऑक्टोबर २०१८ रोजी पेट्रोलच्या साठ्याची एक टाकी पेटली आणि आग विझायला सुमारे १७ तास लागले. तिचा माग शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. आदल्या संध्याकाळी जवळच्या एका प्राथमिक शाळेच्या कार्यक्रमात कंदील सोडले होते. त्यांतला एक जवळच्या बांधकामावर येऊन पडला. तिथल्या एका तरुण मजुराने दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पेटवून सोडला, आणि तो टाकीजवळच्या गवतात उतरला. गवत पेटले आणि ठिणगी टाकीपर्यंत पोचली. शाळेने सोडलेला कंदील विझूनच खाली आला होता, तरी त्याची गोष्ट तिथे संपली नाही.

तिसरी घटना जर्मनीतील क्रेफेल्डची. १ जानेवारी २०२० च्या रात्री, वर्ष सुरू होताच, तिथल्या प्राणिसंग्रहालयातील वानरगृह जळाले. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, वटवाघळे असे ३० हून अधिक प्राणी मेले. कारण ठरले उडते कंदील. त्या राज्यात ते सोडण्यास २००९ पासूनच बंदी होती.

आपल्याकडे काय जळेल? दिवाळी ते मार्च हा आपल्या समारंभांचा हंगाम. त्याच काळात भाताचा पेंढा आणि कडबा गंजी घालून ठेवलेला असतो, आणि सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत वाळू लागते. शेतकऱ्याची कडब्याची गंजी म्हणजे त्याच्या गुरांची वर्षभराची बेगमी. ती पेटली तर कंदील कोणाचा हे त्याला कधीच कळत नाही, आणि सोडणाऱ्यालाही कळत नाही.

विझून पडल्यावर

उरतो तो कचरा. १०० कंदील सोडले तर प्रत्येकी ३५ ग्रॅमच्या हिशोबाने साडेतीन किलो. तो एका ढिगात पडता तर गोळा करता आला असता, पण तो २८ चौरस किलोमीटरमध्ये विखुरतो. कागद पावसात कुजेल. बांबूची कडी बरेच दिवस टिकेल आणि लोखंडी तार वर्षानुवर्षे. वैरणीबरोबर तारेचा तुकडा गुराच्या पोटात गेला तर काय होते, हे पशुवैद्य चांगले जाणतात. गाय आधी भराभर गिळते आणि सावकाश रवंथ करते. जड तार पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात अडकते. हा कप्पा हृदयाच्या अगदी जवळ असतो, मध्ये केवळ पडदा. टोकदार तार तो भेदून हृदयापर्यंत पोचू शकते.

इथे तोल सांभाळायला हवा. ब्रिटनमध्ये २०१३ साली सरकारने करवून घेतलेल्या पाहणीचा निष्कर्ष असा होता की जनावरांवर व पर्यावरणावर होणारा परिणाम एकंदरीत लहान आहे, पण आगीचा धोका लक्षणीय आहे. धुराबाबतही असेच म्हणता येईल. १५ ग्रॅम मेण जळून सुमारे ४७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. स्कूटर एक किलोमीटर चालवली तर साधारण तेवढाच होतो. तेव्हा कंदिलाने हवा प्रदूषित होते, हा या खेळावरचा मुख्य आक्षेप नव्हे. मुख्य आक्षेप असा की आपण एक जळती वस्तू दुसऱ्याच्या जागेत पाठवतो आणि तिच्यावर आपला काहीही ताबा नसतो.

म्हणूनच ‘जैवविघटनशील’, ‘पर्यावरणस्नेही’ असे शिक्के पाहून समाधान मानू नये. तारेऐवजी बांबू आला तर गाईचा धोका कमी होतो, गंजीचा होत नाही. वस्तू कुजते का आणि वस्तू पेटवते का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

कायद्यांचा रोखही तसाच आहे. ब्राझीलमध्ये जत्रांतून असे फुगे सोडण्याची जुनी प्रथा. तिथे १९९८ च्या कायद्याने आग लावू शकणारे फुगे बनवणे, विकणे व सोडणे हा गुन्हा ठरवला. चियांग माईमध्ये प्रथा चालू आहे, पण सणाच्या रात्री तिथल्या विमानतळावरची अनेक उड्डाणे रद्द करावी लागतात. मुंबई पोलिसांनीही अलीकडच्या काळात दिवाळीच्या सुमारास उडत्या कंदिलांची विक्री, साठा व वापर यांवर मनाई करणारे आदेश वेळोवेळी काढले आहेत. आपल्या गावी काय नियम आहे, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

वर्गात काय करता येईल?

१. मीटरपट्टी मध्यावर दोऱ्याने टांगा. दोन्ही टोकांना सारख्या कागदी पिशव्या, तोंड खाली करून, बांधा आणि पट्टी आडवी तोला. शिक्षकांनी स्वतः एका पिशवीखाली वीतभर अंतरावर पेटती मेणबत्ती काही क्षण धरावी. ती बाजू वर जाते. मेणबत्ती काढली की किती वेळात पट्टी पुन्हा आडवी होते, ते घड्याळ लावून मोजा.

२. वरचा तक्ता विद्यार्थ्यांना स्वतः करू द्या. कंदिलाची उंची आणि रुंदी दुप्पट केली तर उचल किती पट होईल आणि कागदाचे वजन किती पट?

३. गावाच्या नकाशावर शाळा मध्यबिंदू धरून ३ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्यातल्या गंजी, गोठे, शाकारलेली घरे, पेट्रोल पंप आणि गवताळ डोंगर यांवर खुणा करा. संमेलनाच्या महिन्यात वारा बहुधा कोणत्या दिशेने वाहतो, हे आठवडाभर रोज संध्याकाळी पाहून नोंदवा.

४. त्याच पैशांत कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ आणून मुलांकडून टांगायचे आकाशकंदील करून घ्या. आत लहान दिवा लावा. ते पुढच्या वर्षीही वापरता येतील.

नकाशा तयार झाला की तो संमेलनाच्या नियोजन बैठकीत सर्वांसमोर ठेवावा आणि कंदील आणायचे की नाहीत, हे मुलांनाच ठरवू द्यावे.