डोमेनचा धंदा: वाचून किती, करून किती

२०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम हे नाव ३ कोटी डॉलरला विकलं गेलं. असे आकडे वाचून अनेकजण नावं घेत सुटतात. खरं तर वाचायचे ते नियम. डॉट कॉमची मुदत संपली तरी नाव लगेच मोकळं होत नाही. मुदतीनंतरचा सवलतीचा काळ सरल्यावरही जुना मालक ३० दिवसांत जादा पैसे भरून ते सोडवू शकतो, त्यानंतर ५ दिवसांनी ते खुलं होतं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर डोळा ठेवून घेतलेलं नाव तर डोमेन-नावांसाठीच्या १९९९ च्या तंटा-धोरणाखाली हातचं जाऊ शकतं.

गिऱ्हाईक मात्र पुस्तकात भेटत नाही. पदरचे पैसे घालून चार नावं घ्यावीत, कुणी विचारतं का बघावं. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेल्या नावांचं दुसऱ्या वर्षीचं बिल आलं, की त्यातली निम्मी आपणच सोडून देतो.